अण्णांची गाडी, चार बोटे खाली

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी, चहानंतर.

स्वस्ति श्री. अजिंक्यतारा-छायाश्रित, कार्बोरेटर-कोविद, पाना-पक्कड-पाणि, क्लचकेबल-कुलावतंस, पाटबंधारे खात्यातील स्वेच्छानिवृत्त वरिष्ठ लिपिक, श्रीमंत सुमंत वामन आगाशे, मुक्काम सातारा, यांची ही रथ-जीर्णोद्धार-दैनंदिनी आजच्या सुमुहूर्तावर आरंभिली जात आहे. लेखक मी. वाचकही मीच. समीक्षक नाही, याचे समाधान.

प्रस्ताव असा. श्वशुर मधुअण्णा, वास्तव्य सांगली. दृष्टी मंदावल्यापासून त्यांची पांढरी मारुती आठशे पत्र्याच्या शेडमध्ये स्थानबद्ध होती. काल किल्ली माझ्या स्वाधीन झाली. टेम्पोमागे दोर बांधून रथ साताऱ्यास आणला.

नऊ फेब्रुवारीस अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या सकाळी त्यांना स्वतःच्या गाडीत बसून गणपतीच्या देवळात जायचे आहे. कैलासवासी माई, म्हणजे सासूबाई, होत्या तेव्हा दोघे दर चतुर्थीस असेच जात. अण्णा म्हणाले, "सुमंतराव, फार काही करू नका. बॅटरी बदला, ब्रेक बघा. त्या दिवशी मला हिच्यात बसवून न्या, एवढंच."

संकल्प: फार काही करणार नाही.

१४ नोव्हेंबर.

गाडी सुरू झाली. औद्योगिक वसाहतीतील कृष्णात नामक मेकॅनिकने बॅटरी बसवली, ब्रेक बदलले, कार्बोरेटर धुतला, आणि किल्ली फिरवताच इंजिनाने प्रतिसाद दिला. कृष्णात म्हणाला, "इंजिन एक नंबर हाय सायेब. हिला काय धाड भरल्या?"

म्हणजे कार्य संपन्न.

नऊ फेब्रुवारी फार दूर आहे.

२३ नोव्हेंबर.

मोबाईलवर जुन्या आठशेंच्या पुनरुत्थानाचे व्हिडिओ पाहिले. केरळातील एका युवकाने ह्याच गाडीचा असा कायापालट केला आहे की तिच्या जन्मदात्यांनीही ओळखू नये. अंतःकरण हेलावले. अण्णांसारख्या कर्तृत्ववान पुरुषाने वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी जसेच्या तसे वाहन वापरावे, हे मला जावई या नात्याने कमीपणाचे वाटते.

सौ. शरयूचे म्हणणे पडले, "अण्णांनी सांगितलंय ना, फार काही करू नका म्हणून?" 'फार' ही संज्ञा सापेक्ष आहे, हे तिला समजावून सांगितले. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

संकल्प: केवळ सायलेन्सर.

१ डिसेंबर.

नूतन सायलेन्सर बसला. ध्वनी धीरगंभीर. शेजारचे आप्पासो, निवृत्त सुभेदार, सकाळीच फाटकाशी आले. म्हणाले, "आवं सुमंतराव, गाडी हाय का पिठाची गिरणी? मी सरहद्दीवर झोपलोय निवांत, हितं झोप लागंना."

सैनिकी पेशातील माणसाला यंत्रनादाचे सौंदर्य कळू नये, याचा खेद वाटतो. उद्यापासून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन मग सुरू करीन. त्यामुळे व्यायामही घडेल.

१५ डिसेंबर.

आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा असा. कृष्णात म्हणाला, "चार बोटं खाली घेऊ सायेब. वाघ दबा धरून बसल्यागत दिसंल." मी म्हटले, अण्णा वृद्ध आहेत. तो म्हणाला, "म्हातारी माणसं खूश हुत्याती. उतरायला सोपं, जमीन जवळच."

युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. चारही स्प्रिंगांचे वेढे कापले. गाडी खाली बसली. रस्त्यावरून पाहिले, पदपथावरून पाहिले, शेवटी मांडी घालून पाहिले. शेवटच्या कोनातून ती विशेष शोभते.

कापलेला एक वेढा घरी आणला. मेजावर कागद दाबून ठेवण्यास उत्तम.

२८ डिसेंबर.

गाडी खाली, पण सीट जुन्याच, हा विरोधाभास डोळ्यांस खुपत होता. कृष्णातने कोल्हापुराहून दोन बकेट सीट पैदा केल्या. शर्यतीच्या गाडीत असतात तशा. मनुष्य त्यांत बसत नाही, रुतत जातो. जुन्या सीट त्याच्याकडेच टाकल्या.

सायंकाळी शरयूने गाडीत डोकावून पाहिले. विचारले, "माईंनी विणलेले कव्हर कुठंय?" मी सांगितले, सीटबरोबर गेले. त्या क्रोशाच्या कव्हरला आता वीस वर्षे झाली असतील, आणि ते नव्या सीटच्या आकाराशी सर्वथा विसंगत होते.

ती आत गेली. परिणाम अपेक्षेपेक्षा प्रभावी झाला असावा.

१९ जानेवारी.

चाचणी. शरयूला कोरेगावास मावसबहिणीकडे हळदीकुंकवाला नेले.

पहिल्या गतिरोधकावर गाडीचे उदर टेकले. पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे, आणि मध्ये आम्ही. मी नम्रपणे सुचवले की वजन कमी झाल्यास ती सुटेल. शरयू उतरली. गाडी सुटली. तत्पश्चात प्रत्येक गतिरोधकापाशी हाच विधी: ती पैठणी सावरून उतरते, गतिरोधक पायी ओलांडते, पुन्हा रुतते. या जिल्ह्यातील जनतेने हौसेने किती गतिरोधक बांधले आहेत, याची कल्पना मला आजवर नव्हती.

एका गावी पारावरच्या मंडळींनी विचारले, "वैनी, रुसलायसा जणू?" तिने पैठणीचा पदर खोचला. पुढच्या गतिरोधकानंतर ती परत बसलीच नाही. पुढे ती चालत, मागे मी पहिल्या गियरमध्ये, अशी मिरवणूक गावाबाहेरपर्यंत गेली. तिथे तिला वडापची जीप मिळाली.

निष्कर्ष: गाडी एकट्या चालकासाठी निर्दोष आहे.

२५ जानेवारी.

शरयू आज जेवताना बोलली. "अहो, अण्णांचे गुडघे वाकत नाहीत. होमालासुद्धा त्यांना पाटावर बसता येणार नाही, म्हणून खुर्ची ठेवायची ठरलीय. तुमची ती सीट पाटापेक्षा खाली आहे."

हे विधान अतिशयोक्त आहे, असे मी ठामपणे सांगितले. मग कोणाचे लक्ष नसताना पाट बाहेर नेऊन सीटशेजारी ठेवून पाहिला.

पाट उंच निघाला.

सायंकाळी अण्णांचा फोन. आवाजात उत्साह. म्हणाले, "सुमंतराव, रोज मनातल्या मनात जाऊन येतो बघा. डावीकडं माईची सीट. आता मी तिथं बसणार, तुम्ही चालवणार." मी म्हटले, निश्चिंत असा. फोन ठेवल्यावर पाणी प्यायलो.

संकल्प: जुन्या सीट परत बसवणे. कठीण ते काय?

२७ जानेवारी.

कठीण आहे. कृष्णातने सीट फलटणच्या मेव्हण्याला देऊन टाकल्या. त्याची चहाची टपरी आहे, तिथे गिऱ्हाइकांना बसायला. "तुमीच म्हनला हुतासा, टाक कुठं बी," कृष्णात म्हणाला. असे मी म्हणालो असेन, हे संभवनीय आहे.

फलटणास एसटीने गेलो. टपरीबाहेर लिंबाखाली दोन्ही सीट भिंतीस टेकवलेल्या. एकीवर बसून चहा घेतला. आसन अत्यंत सुखद आहे, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. उंची योग्य, पाठीस आधार, उठताना कोणाची मदत लागत नाही.

मेव्हण्यास वृत्तांत सांगितला. त्याने कळवळून ऐकले. म्हणाला, "म्हाताऱ्याचं आयकून लय वाईट वाटलं गड्या. पर सीट न्हाई देत. ह्यांच्यामुळं गिऱ्हाईक बसतंय, आन् बसलं की दुसरा चा घेतंय." इतक्यात उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावनं, उठा आता, आमाला बी बसू द्या की."

उठलो. एका सीटवरचे कव्हर तेवढे मिळाले. चहाचे डाग आहेत. मेव्हण्याच्या बायकोने पिशवीत घालून दिले, आणि धुऊ का म्हणून विचारलेही.

३ फेब्रुवारी.

कव्हर बकेट सीटवर चढवले. मध्ये झोळी, कडेला सुरकुत्या. टाचण्या लावल्या. मग अण्णांचा विचार करून काढल्या.

सीट तीच राहणार, तेव्हा निदान गाडी उंच करावी. कापलेल्या स्प्रिंगा जोडता येत नाहीत, हे आज शिकलो. मेजावरचा वेढा घेऊन गेलो होतो. कृष्णातने तो हातात घेऊन पाहिला आणि सहानुभूतीने परत दिला. नव्या स्प्रिंगा पुण्याहून यायच्या आहेत. येतील तेव्हा येतील. तोवर त्याने मागे रबराचे गुटके ठोकले. पुढच्यांसाठी गुटके उरले नाहीत, आणि उद्यापासून तो शिराळ्याला भाचीच्या लग्नाला.

मागची बाजू उंच झाली आहे. गाडी आता सर्वांस वाकून नमस्कार करते. मंगल प्रसंगास अनुरूप.

८ फेब्रुवारी. सांगली.

सुखरूप पोहोचलो. शरयू एसटीने आली. तिचे जेवण, वामकुक्षी व भावजयीशी सविस्तर वार्तालाप होऊन गेल्यावर मी पोहोचलो. प्रत्येक गतिरोधक तिरपा, कूर्मगतीने ओलांडला. पेठनाक्याच्या पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मला ओव्हरटेक करून गेला. त्यावर गाणी लावली होती. चालकाने हात दाखवला. मीही दाखवला.

आष्ट्यात चहाला थांबलो, तर एकाने विचारले, "आवं, बसलीया का तुटलीया?" मी म्हटले, स्पोर्ट सस्पेन्शन. तो म्हणाला, "मग हुईल दुरुस्त."

अण्णा झोपले होते. गाडी अंगणाच्या कोपऱ्यात, जास्वंदीच्या आडोशास उभी केली. ऋचा पुण्याहून आली आहे. कन्येने गाडीस प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "बाबा, आजोबांना कळलंय का?" मी म्हटले, हे त्यांच्यासाठी सरप्राईज आहे. ती म्हणाली, "हो, तेच."

९ फेब्रुवारी, रविवार.

घटना यथाक्रम लिहितो. मन स्थिर आहे.

अण्णा कोट-टोपी घालून बाहेर आले. सुनेने ओवाळले. मग काठी टेकत गाडीपाशी गेले. टपावर हात ठेवायला गेले, तो हात अवकाशात राहिला. टप तिथे नव्हता. हात खाली नेत नेत त्यांनी शोधला. म्हणाले, "हिला काय झालं?" मी म्हटले, अद्ययावत केली आहे. "बरं," अण्णा म्हणाले.

प्रवेश: प्रथम उजवे पाऊल. ते जमले नाही. मग उलटे फिरवून प्रथम बैठक. मी एका खांद्याशी, माझा मेहुणा, म्हणजे शरयूचा भाऊ, दुसऱ्या, ऋचा आतून कोट ओढते आहे, गुरुजी होमाचा मुहूर्त सांगत आहेत. शेवटी अण्णा एकदम खाली गेले. आतून आवाज आला, "पोचलो."

वाटेत त्यांना काच नव्हे, डॅशबोर्ड दिसत होता. विचारले, "सुमंतराव, रस्ता कुठं आहे?" मी म्हटले, आहे, मी बघतो आहे. त्यांचा हात सीटच्या कडेवरून फिरत होता. म्हणाले, "ही माईची वीण." नंतर देऊळ येईपर्यंत त्यांनी हात तिथून काढला नाही.

देवळाशी त्यांना बाहेर काढता आले नाही. प्रयत्न केले, लोकही मदतीस धावले, पण एका मर्यादेनंतर अण्णांनीच हात वर केला. म्हणाले, "राहू दे. इथूनच नमस्कार." ओणवे होऊन मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिले. त्या सीटवरून कळस दिसत नाही. उदबत्तीवाल्याचे पाय दिसतात.

पुजारी तीर्थ घेऊन गाडीशी आले. अण्णा काच खाली करू लागले. अर्ध्यावर हँडल निखळून त्यांच्या हातात आले. त्यांनी डाव्या मुठीत हँडल धरले, उजव्या हातावर तीर्थ घेतले. संपूर्ण गाडीत मी हात न लावलेली ती बहुधा एकच वस्तू होती.

घरी दोन आचारी आणि मेहुणा यांनी त्यांना बाहेर काढले. खुर्चीवर बसले, दम घेतला, हँडल कोटाच्या खिशात ठेवले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान आहे हो तुमची गाडी. आता माझी कधी आणताय?"

त्यांचे वय विचारात घेता या प्रश्नाचा अर्थ लावीत बसणे उचित नाही. ते थट्टा करीत होते की नव्हते, हे शरयूला विचारले. तिने जिलेबीचे ताट माझ्या हातात दिले आणि वाढायला पाठवले.

बाकी समारंभ उत्तम झाला.

१२ फेब्रुवारी. सातारा.

काल एकटाच परतलो. शरयू आणखी काही दिवस अण्णांपाशी राहते आहे. किती, ते मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

कव्हर तिने काढून ठेवून घेतले. हँडल अण्णांच्या खिशात राहिले. निघताना मागावे असे मनात आले होते. अण्णा खुर्चीत बसून खिशात हात घालून ते गोल गोल फिरवत होते. शरयू म्हणाली, "मागू नका." मागितले नाही.

त्यामुळे डावी काच अर्धी उघडी. पेठनाक्यापर्यंतचा समस्त धुरळा व उसाचे पाचट मी आत घेऊन आलो. कृष्णात शिराळ्याहून परतला आहे. म्हणाला, "बाकी कायबी मागा सायेब, त्या मॉडेलचं हँडल आता मिळत न्हाई." पकडीने फिरवून पाहिले, काच आणखी एक बोट खाली गेली.

आज सकाळी गाडीत आप्पासोंचे मांजर झोपलेले आढळले. बकेट सीटमध्ये ते विनासायास उतरते आणि चढते, असे निरीक्षण आहे. खिडकीस पुठ्ठा लावला तर डावा आरसा दिसत नाही. न लावला तर मांजर. आप्पासोंशी बोलावे, तर ते सायलेन्सरचा विषय काढतात.