शुक्रवारपर्यंतचं पेट्रोल

सीडर टेकडी, नेब्रास्का
गुरुवार, १७ जानेवारी १९७४

ती. मॉडमावशीस,
ट्विलाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. महिन्याभरात वासरं यायला लागतील, म्हणून तुझा जावई लायल आत्तापासून झोपेत गाई मोजतो. तुझा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्याने ओमाहाच्या बर्फातून सभांना जाऊ नकोस असं लिहिणार होते, पण तू ऐकणार नाहीस. शाई वाचवते.

मावशी, टेकडीवरची शाळा बंद व्हायला आलीय. मुलं पाच, घरं तीन, आणि सगळ्यांना गोळा करून नेणारी गाडी एकच: मामंजींची जुनी पिकप. ती मी चालवते. बाकीच्या दोन घरांपैकी एकाची गाडी इंजिन उघडून पडलीय, दुसऱ्या घरचा माणूस आपली घेऊन रेल्वेच्या कामावर जातो. पेट्रोलची टंचाई सुरू झाल्यापासून गावातला पंप दर सोमवारी गाडीमागे एकच टाकी देतो. आमची टाकी बुधवारी दुपारी कोरडी. गुरुवारी आणि शुक्रवारी मिस ओडेगार्ड रिकाम्या बाकांना शिकवतात. ट्रॅक्टरचं पेट्रोल गुरांच्या चाऱ्यासाठी राखलेलं आहे, आणि त्या टाकीला मामंजींचं कुलूप आहे.

आठ मार्चला शाळामंडळाची बैठक आहे. त्याआधीचे सलग तीन आठवडे पाचही दिवस वर्ग भरला, तरच शाळा राहील. नाहीतर मुलांनी गावात परक्या घरी राहून शिकायचं, सोमवारी सोडायचं, शुक्रवारी आणायचं. आमची कोरा सात वर्षांची आहे. लायल म्हणतो, त्यात काय, मीही असाच वाढलो. म्हणूनच तो सख्ख्या आईच्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत विचारून खुर्चीवर बसायचा. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तू पंचवीस वर्षं गॅरेज चालवलंस. ही गाडी शुक्रवारपर्यंत कशी न्यायची ते सांग. मामंजी म्हणतात, जुनी गाडी पिणारच, जुन्या माणसासारखी.

लोभ आहेच. तो आमच्या टाकीसारखा आटू देऊ नकोस.
तुझी,
ट्विला


ओमाहा
मंगळवार, २२ जानेवारी

चि. ट्विलास,
मॉडमावशीचे आशीर्वाद, आणि थोडा राग.

राग अशासाठी, की हे तू डिसेंबरातच लिहायला हवं होतंस. सात वर्षांचं लेकरू आईपासून तोडतात आणि त्याला व्यवस्था म्हणतात. ज्या टेकड्यांवरून अर्ध्या देशाच्या ताटात मांस जातं, तिथल्या मुलांसाठी एक खोली आणि एक बाई यांना परवडत नाही. मी हे सभेत बोलले असते तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी जाऊन झोपले असते. तेव्हा भाषण नको. तू कोट चढव आणि गाडीपाशी जा.

जुनी गाडी पिते हे खोटं आहे. जुनी गाडी सांडते. कुठे सांडते ते शोधायचं.

आधी मागचा हौदा रिकामा कर. तुझ्या सासऱ्यांचे कुंपणाचे खांब, तारेची भेंडोळी आणि गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा तू रोज शाळेत नेऊन परत आणत असशील. त्या विटांना काही शिकायचं नाही. घसरू नये म्हणून वाळूची दोन पोती ठेव, बाकी खाली. मग हवेची जाळी काढून झटक, तिच्यातून वाळलेल्या गवताचा भुसा नक्की पडेल. प्लग काढून घास.

चोक बाहेर ओढून त्याला कपड्यांचा चिमटा लावायची तिकडची पद्धत मला माहीत आहे. इंजिन गरम झालं, की चिमटा काढतेस का? खरं सांग. नाही काढलास, तर गाडी नाकातोंडातून पेट्रोल पीत शाळेपर्यंत जाते.

आता मुख्य. चारही चाकांनी जोर लावण्यासाठी पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध ज्या खटक्या असतात, त्या तुमच्याकडे ऑक्टोबरात लावतात आणि मेपर्यंत कोणी हात लावत नाही. त्या खटक्या सोडणारा माणूस शहरातला समजतात. टायरांतही वाळूसाठी निम्मीच हवा ठेवतात. वाळूत ते बरोबर आहे. पण शाळेचा रस्ता, मला आठवतो तसा, बहुतेक खडीचा. तिथे लावलेल्या खटक्या म्हणजे बैलाला गाडीही ओढायला लावायची आणि नांगरही. खटक्या सोड, टायरांत हवा भर. वाळूची चढण आली, की खाली उतर, लाव, चढ, परत सोड. हात गारठतील. गारठू देत.

पाय हलका ठेव. दारोदार इंजिन चालू ठेवून मुलांची वाट पाहू नकोस. मुलं रस्त्यावर येऊन उभी राहिली पाहिजेत, तशी ताकीद दे.

गुडघा ठीक आहे. परवाही सभेला गेले होते.
तुझ्या हट्टावर भरवसा ठेवून बसलेली,
मॉडमावशी


सीडर टेकडी
रविवार, ३ फेब्रुवारी

ती. मॉडमावशीस,
कोराचा आणि माझा, दोघींचा नमस्कार घे.

चिमटा काढत नव्हते. आता तो परत कपड्यांच्या दोरीवर गेलाय.

हौद्यातून काय काय निघालं सांगू? तुझ्या यादीतलं सगळं, आणि वर सासूबाईंच्या काळातलं एक लोखंडी घंगाळं. मामंजी दारात उभे राहून प्रत्येक वस्तूला निरोप देत होते. जाळीतून भुसा इतका पडला, की कोंबड्या धावत आल्या.

खटक्यांवरून मात्र घरात वादळ झालं. पंपावर आमची सोडलेली चाकं कुणाला तरी दिसली, आणि कॉफीच्या टेबलावर मामंजींना विचारण्यात आलं, की एलियास, नोकरी लागली का तुला शहरात? घरी येऊन ते म्हणाले, की चाळीस वर्षांत कुणी मला असं बोललं नव्हतं. मी म्हटलं, तुमची नात गावात परक्याच्या घरी झोपेल तेव्हा ते लोक तिला पांघरूण घालायला जाणार आहेत का? ते बाहेर गेले. मला वाटलं खटक्या लावायला गेले, पण नुसतेच गाडीभोवती फिरून आले.

वाळूच्या चढणीला मी रोज उतरते. मुलं आतून काचेवर बोटं वाजवून मला घाई करतात. टायर, प्लग, पाय, सगळं तू सांगितलंस तसं.

आणि तरी मावशी, शुक्रवार नाहीच. या आठवड्यात टाकी गुरुवारी सकाळच्या फेरीपर्यंत आली, तीही मी उतारावर इंजिन बंद ठेवून, जीव मुठीत धरून उतरले म्हणून. मुलांना संध्याकाळी लायलने घोड्यांवरून आणलं. मी काय चुकते? सकाळी मुलं सोडते, लगेच उलटी फिरते, बाराच्या ठोक्याला मांस-बटाटे टेबलावर लागतात. भांडी आवरून परत निघते, मुलं घेऊन घरोघर सोडते. एक मैलही चैनीसाठी जात नाही.

मंडळाचे तीन आठवडे अठरा तारखेला सुरू होतात. आणखी काय उघडून साफ करू ते लिही.
तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
ट्विला


ओमाहा
शुक्रवार, ८ फेब्रुवारी

चि. ट्विलास,
आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं आणि मग मोठ्याने हसले. शेजारीण विचारायला आली.

आता काही उघडू नकोस. गाडीकडून जेवढं मिळायचं तेवढं मिळालं. तुझंच पत्र परत वाच. सकाळी शाळेतून घरी रिकामी गाडी, दुपारी घरून शाळेत रिकामी गाडी. का? तर दोन धडधाकट पुरुषांपुढे बाराच्या ठोक्याला गरम बटाटे ठेवायला. शुक्रवारचं पेट्रोल कार्बोरेटर पीत नाही ग. ते तुझ्या जेवणाच्या टेबलावर सांडतं.

सकाळी जा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांब. मिस ओडेगार्डना लहान मुलांचं वाचन घ्यायला हात हवाच असेल.

घरात काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. युद्धात पुरुष गेले तेव्हा मी गॅरेज उघडलं. माझेही सासरे विचारायचे, की दुपारी चुलीशी कोण? मी म्हणायचे, भूक ज्याची त्याचे हात. बाईचा दिवस फुकटचा समजतात, म्हणून तो पेट्रोलच्या हिशेबात कुणी धरत नाही. तू धर. चूल पेटवायला कुणी तुला अडवत नाही, ती सोडायलाच अडवतील. तिथे मऊ पडू नकोस.

सकाळी निघताना घेवड्याचं भांडं मंद आचेवर ठेव. वाढून घ्यायला त्यांच्याकडे पळी आहे.
तुझी कट्टर,
मॉडमावशी


सीडर टेकडी
रविवार, १७ फेब्रुवारी

ती. मॉडमावशीस,
नमस्कार. आज थोडक्यातच लिहिते, डोळे चुरचुरताहेत.

तुझं पत्र वाचून मला आधी तुझाच राग आला. रोज दोनदा जाते-येते, आणि मला ते दिसलं नव्हतं. या आठवड्यात करून पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं मूल सोडून घरी आले, आणि टाकीत अजून डुचमळत होतं. अंगणात इंजिन बंद करून तशीच बसून राहिले.

पण घरात कुणी धड बोलत नाही. मामंजी म्हणाले, की या घरात दुपारचं जेवण बाईच्या हातानेच वाढलं गेलंय, माझ्या आईपासून. सोमवारी त्यांनी घेवड्याला हातच लावला नाही, उपाशीच कुंपणाच्या कामाला गेले. मंगळवारीही तेच. लायल म्हणाला, वासरं यायची वेळ, म्हाताऱ्याला का छळतेस. मी म्हटलं, भांडं चुलीवर आहे, पळी खिळ्याला आहे, मी शाळेत आहे. बुधवारी भांडं रिकामं होतं. कुणी खाल्लं ते कुणी कबूल केलं नाही.

उद्यापासून मोजदाद सुरू. मी थांबणार आहे, मावशी. रोज.
तुझी,
ट्विला


सीडर टेकडी
शनिवार, ९ मार्च

श्रीमती मॉड यांस,
एलियास क्रॅमर यांचा रामराम पोचावा.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. ट्विला तापाने पडली आहे, काळजीचं कारण नाही. तिने मला लिहायला बसवलं आहे.

तुम्ही माझ्या गाडीची चाकं सोडवलीत, सून घराबाहेर काढलीत, आणि मला पंपावर तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत. हे आधी नोंदवून ठेवतो.

तीन आठवडे वर्ग भरला. शेवटच्या बुधवारी हिला ताप चढला, तेव्हा गाडी मी नेली. वाळूच्या चढणीला उतरून खटक्या लावल्या, वर पोचून सोडल्या. मुलं आतून बोटं वाजवत होती. दिवसभर शाळेत बसलो. बाईंनी मला एका पोराचं वाचन घ्यायला लावलं. गुरुवारी आणि शुक्रवारीही मीच गेलो.

काल रात्री बैठक झाली. हजेरी पूर्ण आहे हे अध्यक्षांनी मान्य केलं. मग म्हणाले, की ही व्यवस्था टिकायची नाही. ऐन वासरांच्या हंगामात गोठेवाल्याची बायको दिवसभर शाळेत बसली तर माणसांना जेवायला कोण घालणार? महिन्याभरात ती घरी बसेल आणि मुलं परत रस्त्यावर. शाळा आत्ताच बंद केलेली बरी. माना डोलायला लागल्या. लायल जागचा हलेना.

मी सभेत कधी बोललेलो नाही. ते तुमचं काम. पण उभा राहिलो. म्हटलं, लायल आठ वर्षांचा असताना त्याला मी गावात ठेवला, आणि तो परत आला तो पाहुणा होऊन. ही पोर जाणार नाही. आणि जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाक मी करतो.

लोक हसले. बराच वेळ हसले. मी बसलो नाही. हसून झाल्यावर हात वर झाले, आणि एका मताच्या फरकाने शाळा राहिली. सोमवारी भरेल.

आपल्या बहिणीच्या लेकीवर लोभ आहेच, आमच्यावरही थोडा ठेवावा. कळावे.
एलियास क्रॅमर

ता. क. बटाटे किती वेळ उकडायचे ते कळवा. लायलने आज दुपारी अर्धे कच्चे म्हणून ताटात टाकले. ट्विलाला विचारणं मला जमणार नाही.