नमुन्यात बुडवलेली बोटं

तीर्थरूप बाबांना,
लेकीचा बोटीवरून नमस्कार.

मी मजेत आहे. उलट्या थांबल्या, जेवण जातं, आईला तसं सांगा. इथे आठ देशांची माणसं आहेत, पण मोठी लाट आली की सगळ्यांची तोंडं सारखीच उतरतात.

या दिवसांत खोलातलं गार पाणी वर येतं आणि त्यामागे मासळी येते, हे तुम्हीच मला शिकवलंत. आम्ही तेच मोजतो. त्यावरून किती मासळी धरावी आणि किती राखावी, ते ठरतं.

काल माझ्याकडून घोटाळा झाला. बादलीने नमुन्याचं पाणी वर ओढलं आणि तुम्ही जाळं टाकण्याआधी बुडवता तशी मीही सवयीने बोटं बुडवली. नमुना वाया गेला. प्रमुख बाई कडाडल्या, "मग यंत्रं काय शोभेला आणलीत?"

बोलणी खाल्ल्याचं काही नाही, बाबा. पण पाणी बोटांना गार लागलं नाही. नंतर यंत्रानेही तेच सांगितलं. बाई म्हणतात, पंधरा दिवस वाट बघू, घाबरायचं कारण नाही. मीही तुम्हाला तेच सांगते.

आईचा गुडघा कसा आहे? दादाने नवी होडी बांधायला सांगितली का? त्याला म्हणावं, जरा दमाने घे.

हे पत्र मिळाल्यावर तुम्ही हात बुडवाल तेव्हा पाणी कसं लागलं ते कळवा. गार असेल तर कार्डावर तेवढा एक शब्द पुरे. आणि नसेल, तर मला बरं वाटावं म्हणून तो लिहू नका.

तुमची,
धाकटी