ताटाखालचं ओलं फडकं

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

कोलंबो बंदर,
१८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
श्रीशैलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या सूनबाईशी, दीपमालाशी फोनवर बोलणं होतं, लेकीचं, इराचं तोंडही दिसतं. पण तुमच्या कानांनी फोनला कायमची रजा दिलेली आणि मोबाईलवरची अक्षरं म्हणजे तुम्हाला मुंग्यांची रांग. म्हणून हा कागद. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत जन्मभर लोकांचे अर्ज वाचलेत, आता मुलाचं अक्षर वाचा. फक्त हळू वाचा. तुम्ही मनात वाचतो म्हणता आणि निम्म्या जळकोटला ऐकू जातं, हे आईनं मागंही सांगितलंय.

आणि गावात कुणी विचारलं तर मी कॅप्टनच्या खालोखाल आहे असं सांगत जाऊ नका. मी स्टुअर्ड आहे. साहेबांच्या खोल्या आवरतो, मेसमध्ये ताटं मांडतो, वाढतो, उचलतो. वाढपी म्हणालात तरी मला त्यात कमीपणा वाटत नाही. मागल्या आठवड्यात समुद्र चांगलाच खवळला होता. अशा वेळी टेबलावरचं कापड ओलं करून, पिळून अंथरायचं. मग जहाज कितीही डोललं तरी ताट जागचं हलत नाही. ही युक्ती मला इथल्या जुन्या आचाऱ्यानं शिकवली. आईला सांगा, तिला गंमत वाटेल.

आपल्या आळंदकडचा एक बिराप्पा इथं आहे. इंजिनात तेलपाणी बघतो. दोन मुलींचा बाप, पण समुद्र लागला की अंथरूण धरतो आणि कानडीत देवाला शिव्या देतो. तो जेवायला आला नाही की मी त्याचं ताट झाकून खाली त्याच्या खोलीत नेतो. बाकीचे हसतात. पण मी काय करू, सवय आईची आहे. येळवशीला शेतात पंगती उठल्या तरी ती मला बसू द्यायची नाही. बांधावर उभी राहून साऱ्या शिवाराला हाक मारायची, कुणी जेवायचं राहिलंय का म्हणून. उत्तर आलं नाही की मग माझ्याकडं वळून म्हणायची, ‘बस बाबा आता, सगळे जेवले.’ मग आम्ही मायलेक शेवटी जेवायचो. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी पातेल्याच्या तळाला लागलेली असायची आणि तीच मला आवडायची.

करार डिसेंबरच्या मध्यात संपतोय. यंदा येळवशीची अमावास्या तीस तारखेला आहे. येळवशीला मी शेतात असणार, पांडवांवरची कडब्याची कोपी मी आल्यावरच बांधा. इराला पापा. तुमची माया अशीच पाठीशी राहू द्या.

तुमचा,
श्रीशैल

---

॥ श्री ॥

जळकोट,
१० सप्टेंबर २०२४

चि. श्रीशैल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हळूच वाचलं, तरी शेजारची सिताबाई कुंपणावरून विचारून गेली की बिराप्पाची तब्येत आता कशी आहे. तेव्हा तुझी तक्रार खरी दिसते.

आईनं त्याच दिवशी पंचा ओला करून त्यावर माझं ताट ठेवलं. मी म्हटलं, घर काही डोलत नाही. ती काय बोलली ते दीपमालानं इराच्या पाटीवर लिहून दाखवलं. हल्ली घरात माझ्याशी बोलायचं म्हणजे पाटी-पेन्सिल लागते. आई म्हणाली होती, ‘श्रीशैल डोलतोय न्हवं.’ तेव्हापासून रोज माझं ताट ओल्या फडक्यावर असतं आणि सोवळ्यातल्या भटजीसारखा मी गुमान जेवतो.

सोयाबीन बरं आहे, पाऊस जरा जास्तच झाला. ज्वारीचं रान तयार होतंय. येळवशीचा कडबा मी वेगळा काढून ठेवलाय, त्याला कुणाला हात लावू देत नाही. कॅप्टनच्या खालोखाल म्हणणं मी सोडलेलं नाही. बापाला एवढी सूट असावी.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या सर्वांचे आशीर्वाद.

तुझे,
अण्णा

---

॥ श्री ॥

लोहारा,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
शारदाचा सा. न. वि. वि.

अण्णा, हे पत्र मोठ्यानं वाचू नका. आईपासून लांब जाऊन वाचा.

जहाज बुडाल्याला महिना उलटून गेला. शोध थांबवल्याचं कंपनीनं दीपमालाला कळवलंय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. भावकीतले म्हणतात की देह मिळत नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करून घ्यावा. आई म्हणते, तो येळवशीला येतो म्हणालाय, तोवर थांबा. मी कुणालाच दोष देत नाही. मला स्वतःलाच रोज वेगळं वाटतं. सकाळी वाटतं विधी करावा, संध्याकाळी फोन वाजला की त्याचाच असेल म्हणून धावते.

पण काल बिराप्पा माझ्याकडं आला होता. श्रीशैलनं ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तोच. जळकोटला आईसमोर जायची हिंमत झाली नाही म्हणून माझा पत्ता काढत इथं आला. चहाही घेतला नाही. उभ्यानंच सांगत होता.

वादळात माल एका बाजूला सरकला आणि जहाज कललं. सगळ्यांना वर बोलावण्याची घंटा झाली. श्रीशैल वर आला होता, अण्णा. तरंगायचं जाकीट घालून, जीव वाचवायच्या होडीच्या अगदी जवळ उभा होता. तिथं त्यानं माणसांवरून नजर फिरवली आणि म्हणाला की बिराप्पा रात्री जेवायला आला नव्हता, म्हणजे तो खाली पडलेला असणार. लोकांनी हाताला धरलं, तो सोडवून गेला. बिराप्पा तापानं गुंगीत होता, त्याला घंटा ऐकूच आली नव्हती. श्रीशैलनं त्याला उठवलं, जाकीट चढवलं, आपल्यापुढं घालून जिन्यावरून वर ढकललं. बिराप्पा दारातून बाहेर पडला आणि जहाज पालथं झालं. मागं वळून पाहिलं तर दारच पाण्याखाली होतं.

म्हणजे आता वाट बघण्यासारखं काही नाही. हे मला लिहवत नव्हतं, पण तुमच्यापासून लपवायचं तरी कसं. आईला मात्र येळवस होईपर्यंत सांगू नका. कोण जेवलं, कोण राहिलं हे बघायची सवय तिनंच त्याला लावली. हे तिला कळलं तर ती स्वतःलाच खात बसेल. मला माझा भाऊ गेल्याचं दुःख आहे, आणि आता आईचीही भीती वाटते.

दीपमालाला जपा. इराला माझ्याकडं पाठवायचं असेल तर कळवा. दूर असले तरी जीव तिथंच आहे, हे असू द्या.

तुमची,
शारदा

---

॥ श्री ॥

जळकोट,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शारदा हीस,
आशीर्वाद.

माझ्या हातून वाईट झालं. तुझं पहिलं वाक्य वाचल्याबरोबर मी कागद घेऊन मागं गोठ्यात गेलो. ओठ मिटून वाचतोय असंच मला वाटत होतं. माझा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. वाचून झालं, डोळे पुसले आणि वळलो तर दावणीपाशी तुझी आई उभी. हातातली शेणाची टोपली तशीच होती. जहाज कलल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं तिनं माझ्याच तोंडून ऐकलं.

ती रडली नाही. टोपली ठेवली, हात धुतले आणि घरात गेली. संध्याकाळी दीपमालानं पाटीवर लिहिलं, आई म्हणतात, ‘म्याच शिकवलं त्याला. न्हाय शिकवलं असतं तर होडीत बसला असता.’ मी म्हणालो, तू चांगलंच शिकवलंस. त्यावर तिनं माझ्याकडं जे पाहिलं, ते पाहणं मला सोसलं नाही. बापानं असलं शहाणपण बोलू नये.

त्या दिवसापासून तिनं कुणाला वाढलेलं नाही. चुलीपाशी येत नाही. आजवर जी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवली, ती आता आपलं ताट मागून घेते, दोन घास खाते आणि उठते. माझ्या ताटाखालचं फडकंही गेलं. विधीचं विचारलं तर उठून जाते. येळवस करायची नाही म्हणते.

दीपमाला मात्र म्हणते की शेताचा मान मोडायचा नाही, त्यांनी पत्रात कोपीची आठवण ठेवली होती. तिचं धैर्य बघून मला लाज वाटते. आम्ही दोघं जमेल तसं करू. बिराप्पाला तू निरोप दे की इतक्यात इकडं येऊ नकोस. त्याच्यावर राग नाही, पण तिला तो दिसायला नको. तुमच्या शेतातही येळवस असणार, तुला येता येणार नाही हे समजतो.

एकमेकांना धरून राहू. आशीर्वाद आहेतच.

तुझे,
अण्णा

---

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

जळकोट,
३१ डिसेंबर २०२४

चि. सौ. शारदा हीस,
अनेक आशीर्वाद.

काल येळवस झाली. कशी झाली ते सांगतो.

कोपी मी एकट्यानं बांधली, एका बाजूला जरा झुकलीच. दीपमालानं आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे सगळं केलं. पाच दगडांच्या पांडवांना चुना लावला, इरानं ‘ओलगे ओलगे’ करत आंबील शिंपडली असं तिच्या तोंडावरून कळलं. आई आली, पण कोपीत पाठ करून बसली.

पंगत बसत असताना हमरस्त्याकडच्या बांधावर एक माणूस उभा दिसला. येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत, म्हणून मी हात केला. तो येईना. मग मी जाऊन दंडाला धरून आणला आणि पंगतीत बसवला. तो काहीतरी सांगत होता, मी मान हलवत होतो. दीपमालाच्या हातातलं पातेलं थांबलेलं पाहिलं, तिचे ओठ ‘बिराप्पा’ म्हणाले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कुणाला घेऊन आलोय. तुझा निरोप त्याला मिळाला होता, हे नंतर पाटीवरून कळलं. तरी त्याला राहवलं नाही, लांबून बघून जायचं होतं एवढंच.

बिराप्पा जेवेना. घास हातात धरून रडत होता, ढेकळांवर ठेवलेलं ताट हलत होतं. एक माणूस जेवत नाही, हे तुझ्या आईला पाठमोरी असूनही कसं कळलं देव जाणे. ती उठली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दीपमालानं तिला नाव सांगितलं असावं. मला वाटलं, आता ती किंचाळेल नाहीतर त्याला हाकलून देईल. तिनं कळशीत फडकं बुचकळलं, पिळलं, त्याचं ताट उचलून खाली अंथरलं आणि ताट परत ठेवलं. मग त्याला भज्जी वाढली. पुन्हा वाढली. तो जेवेपर्यंत समोरून हलली नाही.

मग तिनं पदर खोचला आणि सगळ्या पंगती स्वतः वाढल्या. शेवटी नेहमीसारखी बांधावर जाऊन शिवाराकडं तोंड करून हाक मारली. मी तिचे हात तोंडाशी गेलेले पाहिले. उत्तर कुठून आलं असेल असं वाटत नाही.

परत आली ती कोपीच्या दारात बसली. दोन ताटं घेतली, तळाची भज्जी दोन्हीत वाढली. समोरच्या ताटाखाली ओलं फडकं घातलं. त्या ताटाकडं बघून काहीतरी बोलली आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा रडली. रडतरडतच पूर्ण जेवली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनंच पाटीवर लिहवून सांगितलं की उद्या पौष लागतोय, भटजींना विचारून विधीचा दिवस धरा. बिराप्पाला बोलवा, तो घरचा आहे.

ती त्या ताटाला काय म्हणाली, हे मी रात्री दीपमालाला विचारलं. तिला लिहायला फार वेळ लागला. मग पाटी माझ्यापुढं सरकवून ती आत निघून गेली. पाटी अजून पुसलेली नाही, इरालाही पुसू दिलेली नाही. तीवर आहे ते तसंच तुला लिहितो:

‘बस बाबा आता. सगळे जेवले.’

विधीला ये. आमच्यावरची तुझी माया कमी पडू देऊ नकोस, आता ती जास्तीच लागणार आहे.

तुझे,
अण्णा