मस्ट, हॅव टू आणि बन्नीची पानं

१६ सप्टें., सोम.
इंग्रजीच्या क्लासला उशीर. तारिहाळच्या कारखान्यातून निघालो तर बस मिळेना. लेथचं काळं तेल नखांत तसंच. क्लासचा तो अरुंद जिना चढून आत गेलो तर सगळे जोडीजोडीनं बसलेले, आणि उरलेली एकच खुर्ची श्रुतीशेजारी. देव आहे.
आज मस्ट, हॅव टू, शुड. मॅडम म्हणाल्या, मस्ट आतून येतं, हॅव टू बाहेरून. आपल्यालाच वाटलं तर मस्ट, दुसऱ्यानं लावलं तर हॅव टू. मी विचारलं, "मॅडम, आमच्यात दोन्हीला 'पाहिजे'च की. कन्नडात पण नुसतं 'बेकु'. मग आतनं आलंय का बाहेरनं, कळायचं कसं?"
"यू हॅव टू थिंक."
सगळे हसले. श्रु. पण. डोकं तापलं. मग ती हसताना बघितली आणि उतरलं.

१८ सप्टें., बुध.
जोडीचा सराव.
मी : आय हॅव टू वर्क.
श्रु. : व्हाय?
मी : बिकॉज आय लेफ्ट कॉलेज.
श्रु. : व्हाय?
पुढचं इंग्रजी आलं नाही. आलं असतं तरी बोललो नसतो. काय सांगणार? मेकॅनिकलच्या देसाई सरांनी भर लॅबमध्ये माझं रेकॉर्ड, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, टेबलावरून खाली भिरकावलं, 'कॉपी केलंयस' म्हणाले. केलं नव्हतं. स्वतः बसून काढलेल्या आकृत्या होत्या. मी स्टूल लाथाडलं, परत पाय ठेवणार नाही म्हणालो आणि निघून आलो. नाही ठेवला.
आणि श्रुती देसाई सरांची मुलगी. एवढ्या मोठ्या धारवाडात मला हीच मिळायची होती.

२३ सप्टें., सोम.
चिगरी बसमधून दोघं परत. ती पण धारवाडात मळमड्डीचीच. खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "अप्पा विचारतात, क्लासला कोण कोण असतं."
मी तिकीट दुमडत बसलो.
"मी तुझं नाव नाही सांगितलं. आमच्या घरी तुला नाव नाहीच. स्टूलवाला म्हणतात."
म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं हिला! आणि मी मूर्खासारखा 'व्हाय'ला घाम पुसत बसलो.
मग म्हणाली, "यू शुड टॉक टू हिम."
मी म्हणालो, "यू शुड माइंड युवर बिझनेस." क्लासात शिकलेलं पहिलं वाक्य जे बरोबर आलं. तेच नको होतं.
उतरताना 'येते' पण म्हणाली नाही.

२७ सप्टें., शुक्र.
एकाच जॉबचा तुकडा तिसऱ्यांदा वाया. शेजारच्या लेथवर आमचा बसू असतो. त्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणतो, "मगन, हुडुगी बेकंद्र मावन कालु हिडीबेकु." मुलगी पाहिजे तर सासऱ्याचे पाय धर. पाना फेकून मारणार होतो.
मग गंभीर झाला. म्हणाला, दसरा आलाय. बन्नीची पानं, शमीचं सोनं, घेऊन जा सरांकडं. त्या दिवशी बन्नी दिली की समोरच्याला घ्यायलाच लागते. भांडण असू दे, कोर्ट असू दे. सॉरी म्हणायचं काम नाही. त्याच्या गावी, अळणावरकडं, दोन भाऊ बांधावरून बोलत नव्हते. म्हातारीनं दसऱ्याला दोघांच्या हातात पानं कोंबली. संपलं.
सॉरी म्हणायचं नाही, हे आवडलं. चूक कुणाची होती, हेही मग कुणी विचारत नाही. हे आवडलं का, माहीत नाही.

३ ऑक्टो., गुरु.
घट बसले. आई ताटावर म्हणाली, "कॉलेजात चौकशी केली मी. परत घेतात. देसाई सर 'हो' म्हणाले पाहिजेत, एवढंच. जा की रे राजा."
हे 'जा की' म्हणजे काय? शुड? मस्ट? आईचं सगळं एकातच असतं.
क्लासात श्रु. दुसऱ्या रांगेत. माझा जोडीदार एक रिटायर्ड आजोबा, नातवाशी बोलायला इंग्रजी शिकतात. मला म्हणाले, "यू मस्ट स्माइल." अजून कुणाकुणाचं ऐकू.

७ ऑक्टो., सोम.
जिन्यात श्रु. थांबलेली. मीच म्हणालो, "दसऱ्याला तुमच्याकडं येणार आहे. बन्नी घेऊन."
"कुणासाठी? अप्पांसाठी की माझ्यासाठी?"
"दोघांसाठी आणतो की. झाडाला काय पानं कमी आहेत?"
हसली नाही.
"माझ्यासाठी म्हणून अप्पांच्या पाया पडलास तर मला कळेल. मग मला तुझी कीव येईल. आणि ज्याची कीव येते त्याच्याशी मी…" एवढंच. चप्पल घालून खाली गेली.
त्याच्याशी काय?? लग्न? बोलणं? बसमध्ये बसणं? चार दिवस हेच चालणार डोक्यात.
कॉलेजला परत जायचंय का मला? ती नसती तर गेलो असतो का? आकृत्या काढायला आवडायचं. हे खरं. पण ते तिच्या आधीचं खरं.

११ ऑक्टो., शुक्र.
आयुधपूजा. सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडला. मी माझ्या लेथला हळदकुंकू लावलं, हात जोडले.
बसू मागून : "वर्षभर हिला शिव्या देतोस, लाथा मारतोस. आज बरा वाकलास?"
"आज वाकायचं असतं."
"हां. मग उद्या पण असतं."
कानाखाली वाजवावी वाटली. बरोबर बोलला म्हणून.

१२ ऑक्टो., शनि. दसरा.
गेलो. लिहायला बसलोय पण नक्की काय झालं ते अजून कळत नाही.
पानं रुमालात. वाटेत वाक्य घोकत होतो, "सर, आय हॅव टू से समथिंग." दारात चपलांचा ढीग. सर पायजम्यात, घरी एवढे बारके दिसतात हे माहीत नव्हतं. माझ्यापुढं शेजारचे कुणी काका. ते बाजूला झाले आणि सरांनी मला बघितलं.
ठरवलेलं असं : मी पानं देणार, वाकणार, निघणार. धाकट्यानं द्यायची, थोरल्यानं घ्यायची. सगळ्या गावात असंच. पण सरांनीच ताटातली पानं उचलली आणि आधी माझ्या हातात ठेवली. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू. घर मराठी, पण हे वाक्य सगळे कन्नडातच म्हणतात.
माझं घोकलेलं सगळं गेलं. रुमाल उघडायला गेलो, पानं सरांच्या पायावर सांडली. मी उचलायला वाकलो, तेपण वाकले. डोक्याला डोकं.
"लागलं काय रे?"
"नाही सर."
वाकलेलाच होतो तर पायाला हात लागला. लावला की लागला? देवाशपथ सांगता येत नाही.
सर कपाळ चोळत म्हणाले, "कडबू खाल्ल्याशिवाय जायचं नाही. यू मस्ट." रेकॉर्डबद्दल एक अक्षर नाही. मी पण नाही. काकूंनी कडबूवर तूप ओतलं, "हाच काय तो?" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणजे स्टूलवाला.
श्रु. पाणी घेऊन आली. एक पान तिच्यासाठी वेगळं ठेवलं होतं, दिलं. घेतलं तिनं. हळूच : "पाया पडलास ते कुणासाठी?"
"पानं उचलायला वाकलो होतो."
फस्सकन हसली, पेल्यातलं पाणी माझ्या शर्टावर. मग पेला खाली ठेवला. "मग पाया पडायचं अजून राहिलंच की."

१३ ऑक्टो., रवि.
बसूचा फोन : "झालं की मग! मिटलं!"
काय मिटलं? बन्नी घेतली म्हणून मी कॉपी केली नव्हती हे सिद्ध झालं काय? सरांना एकदा म्हणता आलं नाही, 'चुकलं माझं'? आधी पानं दिली ती त्यासाठीच दिली का? मग तोंडानं बोला की! मी तोंडानं बोललो का पण. दिवसभर राग. राग कुणाचा, ते कळेना. डोक्याला टेंगूळ आलंय, दाबलं की दुखतं, आणि हसू येतं.
आई विचारते, "उद्या डबा तारिहाळचा बांधू की कॉलेजचा?"
म्हणालो, "बांध. कुठंही खाईन."

१४ ऑक्टो., सोम.
कॉलेजच्या आवारात, कट्ट्यावर बसून लिहितोय. अर्धी रजा टाकली. बसूला फक्त 'उशीर होईल' कळवलंय.
श्रु.चा मेसेज सकाळीच : "कुठं जाणार आहेस ते मला सांगू नकोस. गेल्यावर सांग."
म्हणजे आज तिनं लावलेलं नाही. आईनं पण नाही, डबा दिला आणि आत गेली. सरांनी बोलावलेलं नाही. बाहेरचं कुणी उरलंच नाही. मग आतनं काही येतंय का, बघत बसलोय. येतंय, पण ते काय आहे? भूक पण असेल.
लॅबची खिडकी उघडी. सर पाठमोरे, फळ्यावर आकृती काढतायत. रेघ वाकडी येतेय, इथनं दिसतंय. आणि कोपऱ्यात माझं ते स्टूल. तेच. एक पाय तारेनं बांधलाय, कुणी बसलं की डुगडुगतं. एवढ्या महिन्यांत कुणी नीट केलं नाही? मेकॅनिकलवाले आहेत म्हणे! तारिहाळला नेलं तर एका दुपारचं काम. लेथवर नवा पाय टर्न करून, वेल्डिंग मारून.
शिपाई दुसऱ्यांदा आला. "यार बेकरी?" कोण पाहिजे म्हणून विचारतोय. पहिल्यांदा 'कुणी नाही' म्हणालो होतो. आता म्हणालो, "आतलं ते स्टूल. नीट करून आणतो."
तो माझ्याकडं बघत उभा आहे. सरांनी फळ्यावरनं मान वळवलीय. वही मिटायला पाहिजे.