विहिरीचं झाकण

बुधवार, दुपार

प्रिय ताई,

घरी सगळे ठणठणीत असतील असं धरून चालतो. भाचीचा हलणारा दात पडला का? मी बरा आहे. नोकरी आहे आणि अजून पळालेलो नाही. "पायाला भिंगरी लागलीय मेल्याच्या, एका जागी बसून दाखव एकदा," असं निघताना तू म्हणालीस, ते डोक्यात आहे.

काम ऐकून नाक मुरडशील. गावातलं सगळं सांडपाणी उतारावरून आमच्याकडे येतं. आधी जाळी, मग खोल विहीर. तिथला पंप ते टाक्यांत चढवतो, गाळ तळाशी बसतो आणि पाणी पाणकणसांच्या वाफ्यांतून झिरपत शेवटच्या तळ्यात येतं. तळ्यात चक्क बेडूक आहेत. आणि जाळीत काय काय सापडतं म्हणून सांगू. परवा दातांची कवळी आली. काकांनी ती धुऊन कुंपणावर ठेवली, म्हणाले, "येईल मालक लाजत लाजत." कोणी आलं नाही. तेव्हापासून गावात तोंड मिटून बोलणारा दिसला की मी निरखून बघतो.

काका म्हणजे इथले जुने कामगार, मला शिकवणारे. पंपात काही अडकलं की ते शिडीने विहिरीत उतरतात. मी वर त्यांच्या कमरेचा दोर धरायचा, त्यांनी खालून शीळ घालत राहायची. शीळ थांबली की ओढायचं. अशी पद्धत.

गेल्या आठवड्यात शीळ थांबली. 

ओढताना माझे तळहात सोलून निघाले. काका वर आले तेव्हा ओठ निळसर होते, आणि हसत होते. "अरे, चालच विसरलो," म्हणाले. "आधी सडक्या अंड्यांचा वास होता, मग गेला. हवा साफ झाली होती की."

गाळ न्यायला येणाऱ्या टँकरवाल्याला हे सांगितलं तर त्याचा चहा हातातच राहिला. "येड्या, हवा नाही साफ झाली, गॅसनं नाक मेलं त्यांचं. त्याच्यानंतर माणूस जातो. हवा मारायचा पंखा आल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नकोस." पंखा दुरुस्तीला गेलाय, उद्या तोच घेऊन येणार आहे. काकांना सांगितलं तर म्हणाले, "माझं नाक तू मला शिकव आता."

आज सकाळी पंप बंद पडलेला मीच आधी पाहिला. जाळीतून निसटून कुणाची तरी चादर पात्यांना गुंडाळलीय. पाणी वापरू नका म्हणून घरोघर सांगून आलो, पण ऐकतंय कोण. आणि त्याआधी, ताई, मी लोखंडी शिडी फरफटत नेऊन तळ्यात बुडवली.

"कोणी नेली रे?" काकांनी विचारलं.

"काय माहीत."

पाणी उलटलं की पहिलं काकांच्या लेकीच्या घरात येतं, ते उताराच्या टोकाला आहे. ती बाळंतीण. मघाशी तान्ह्याला घेऊन धावत आली, "बाबा, मोरीतून वर आलंय सगळं. पोराला कुठे निजवू?" माझी मान वर होईना. काका रंगाऱ्याकडे शिडी मागायला गेले.

पिशवी भरून ठेवलीय. बसथांबा समोरच आहे. पण मी गेलो तर ते दोराशिवाय एकटे उतरतील. आणि थांबलो तर दोर माझ्याच हातात देतील, आणि या हातांनी ते पुन्हा वर येतील याची मला खात्री नाही. कुठलंच काम सोडताना मला अशी भीती वाटली नव्हती.

म्हणून विहिरीवर झाकण ओढलंय आणि त्यावर बसून हे लिहितोय. खाली पाणी डुबुकडुबुक वाजतंय. पोस्टमन इथूनच जातो, त्याच्या हातात देईन.

काका येतायत. खांद्यावर शिडी, मागे लेक, तिच्यामागे दोनचार माणसं चिडलेली. शिडीचं खरं सांगणार आहे. मारतील कदाचित. काका शीळ घालतायत. चाल आठवलेली दिसते.

भाचीला पापा.

एका जागी बसलेला,
तुझा धाकटा