उरलेले उद्या

१ ऑक्टोबर १९१८, मंगळवार. बेला.
काल डोंग्यातून पैनगंगा उतरलो आणि इंग्रजी वऱ्हाड मागे टाकून निजामसरकारच्या मुलखात दाखल झालो. काठावर पांडुरंगरावांची बैलगाडी माझ्यासाठी उभी होती. बेल्यात मराठी शाळा असावी हा या कापूसवाल्या गृहस्थांचा हट्ट. आदिलाबादच्या कचेरीत खेटे घालून त्यांनी परवानगी मिळवली आणि शिक्षक म्हणून मला अमरावतीहून बोलावून घेतले. माझ्या पेटीत पुस्तकांपेक्षा कोरे कागदच अधिक पाहून ते हसले. म्हणाले, मास्तर, पोरं शिकवून राह्यले का कादंबऱ्या पाडून राह्यले? मी म्हटले, दोन्ही. सकाळी पहिले, दुपारी दुसरे.

शाळेमागची खोली उजेडाची आहे. येथेच माझी कादंबरी पुरी होईल. विमल नावाची एक तरुणी पुरात डोंगा घालून पैलतीरी निघते, एवढाच तिचा गाभा. मासिकांसाठी लिहिता लिहिता मी एक तत्त्व शिकलो आहे, ते येथे नोंदवून ठेवतो. प्रकरण घटनेपाशी संपवू नये. घटनेच्या अलीकडे, वाचकाचा श्वास वर असताना थांबवावे. श्वास खाली सोडण्यासाठी तो पुढच्या अंकाकडे आपणहून येतो.

५ ऑक्टोबर, शनिवार
आज पांडुरंगरावांच्या ओट्यावर पहिले वाचन झाले. श्रोते तिघे: ते स्वतः, त्यांच्या पत्नी जयवंताबाई, आणि दसऱ्यासाठी माहेरी आलेली त्यांची लेक दमयंती. वाचन सुरू होताच दोघी बायकांनी परडीतून चार-चार दाणे ज्वारी उचलून मुठीत धरली. व्रताची कहाणी ऐकताना असे दाणे धरतात आणि कहाणी संपूर्ण झाली की देवापुढे ठेवतात, हे मला ठाऊक होते. पण कादंबरीला हा मान मिळालेला प्रथमच पाहिला!

विमलचा डोंगा धारेला लागला, वल्हे मोडले, आणि मी वही मिटली. दमयंती उसळून म्हणाली, मास्तर, अशी अर्धी काऊन सोडता? मी म्हटले, उरलेले उद्या. दाणे ठेवता येईनात, म्हणून दोघींनी ते पदराच्या गाठीत बांधले.

शाळा झाडणाऱ्या बयनाबाईंना हे मुळीच आवडले नाही. त्या दूर अंगणाबाहेर उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या की दाणे हाती देऊन कहाणी अर्धी टाकत नसतात. आयकणारा तिच्यापाशी अडकून राह्यते. मी त्यांना क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीची पद्धत सविस्तर समजावून दिली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले, आणि खराटा उचलून निघून गेल्या.

१० ऑक्टोबर, गुरुवार
मानमोडीची साथ नदी ओलांडून आली. इन्फ्लुएंझा हे तिचे शास्त्रीय नाव. मान आणि कंबर धरते, ताप चढतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वास कोंडतो. कचेरीतून दवंडी फिरली, शाळा बंद झाली. हकिमांनी पाठवलेल्या पुड्या दोन दिवसांत संपल्या. रानात कापूस फुटला आहे, पण वेचायला हात नाहीत. गावाभोवती नुसता पांढरा पसारा.

लाज वाटते, तरी लिहितो: माझी लेखणी कधी नव्हे इतकी धावते आहे. रोज चार पानांचा नेम होता, ती नऊ-नऊ होतात. बाहेर तिरड्या जातात आणि आत विमल लाटेवर चढते.

१२ ऑक्टोबर, शनिवार
पांडुरंगराव आणि दमयंती दोघेही अंथरुणावर. तरी तिसऱ्या प्रहरी माझी वाट पाहिली जाते. मी उंबऱ्याशी बसून, तोंडाला उपरणे बांधून वाचतो.

एक निरीक्षण. आज वाचनापूर्वी दमयंतीला भान नव्हते. विमलचे नाव निघताच तिने डोळे उघडले. मी थांबलो तेव्हा तिने स्पष्ट विचारले, पोचते का नाही ते तरी सांगा. मी म्हटले, ते ऐकायला उद्या तुला असावे लागेल. ती हसली. कुतूहल हीसुद्धा एक जीवनशक्ती आहे, आणि ती मोजून देता येते, अशी माझी खात्री होत चालली आहे. या पोरीला मी शेवट सांगणार नाही. शेवट दूर आहे तोवर ती जाणार नाही.

जयवंताबाईंना हे पटले. त्यांनी नवऱ्याच्या मुठीतही दाणे दिले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.
पांडुरंगराव पहाटे गेले. सोने कोणी लुटले नाही. खांदा द्यायला चौथा माणूस नव्हता, तो मी झालो.

बयनाबाई रस्त्यात आडव्या आल्या. म्हणाल्या, मास्तर, त्या पोरीला आजच्या आज शेवट सांगून टाका, पाया पडते. मला राग आला. शेवट सांगणे म्हणजे तिच्या हातातली दोरी कापणे, असे मी त्यांना सुनावले. आज विमलला काठ दिसला. मी मध्ये एक भोवरा घातला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
दमयंती सकाळी गेली. एकोणीस वर्षांची होती.

शेवटच्या घटकेला तिने मला बोलावले होते. मी पोचेपर्यंत वाचा गेली होती. दाणे धरलेली मूठ उघडत नव्हती. बायकांनी प्रयत्न केला, मग तशीच राहू दिली.

माझे अनुमान चुकले. एवढेच लिहवते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
जयवंताबाईंनी निरोप पाठवला की आजही या. एकट्या घरात त्यांना माणसाचा आवाज हवा असेल, असे समजून गेलो. त्यांनाही ताप होता. वही उघडली. भर उन्हाची वेळ होती, ओट्यावर स्वच्छ प्रकाश होता. हे मुद्दाम नोंदवतो.

दुसरे पान उलटताना दिसले. चटईवर, नेहमीच्या जागी, दमयंती बसली होती.

भ्रम कसा तपासावा हे मी मुलांना शिकवले आहे. डोळे मिटून पुन्हा उघडले. ती होतीच. केस अंत्यस्नानानंतर होते तसे ओले; पण खाली थेंब नव्हता. चटई दबलेली नव्हती. उजवी मूठ मिटलेली. तिच्यामागे खांबाला टेकून पांडुरंगराव.

दोघे माझ्याकडे पाहत नव्हते. वहीकडे पाहत होते.

मी वाचत राहिलो. थांबण्याचे धैर्य झाले नाही. पाने संपली तेव्हा ओटा रिकामा होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार
जयवंताबाईंनाही दिसतात. काल पाहिलेले बयनाबाईंच्या कानावर घातले होते; त्यांचे म्हणणे जयवंताबाईंना सांगितले: शेवट वाचून दाखवावा, म्हणजे दोघांची सुटका होईल.

त्या माझ्या पायांशी बसल्या. म्हणाल्या, मास्तर, संपवू नोका. दुपारी घटकाभर माझी लेक माझ्यापाशी बसून राह्यते. तिला काऊन धाडता? रोज दोन पानं वाचा. वाटलं तर एकच वाचा. पन तो डोंगा काठाला लावू नोका.

एक पान वाचले.

आज मात्र दमयंती पुढे सरकून बसली होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण कोणते शब्द ते कळले. पोचते का नाही.

तिला तहान लागलेल्या माणसासारखे होते आहे. आईला ते दिसत नाही. आईला फक्त लेक दिसते.

२० ऑक्टोबर, रविवार
गेलो नाही. दार लावून बसलो.

तिसऱ्या प्रहरी ती दोघे येथे आली. दार लावलेलेच होते.

आता कबूल करतो. शेवट माझ्यापाशी नाही. लांबवता लांबवता तो मी कधी ठरवलाच नाही. दिवसभर बसलो, एक ओळ उतरली नाही. नऊ-नऊ पाने लिहिणारा हात—

मान दुखते आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार
ताप. बयनाबाई दाराबाहेरून पेज ठेवून गेल्या. सांगितले की जयवंताबाई सकाळी गेल्या. अखेरपर्यंत एकच घोकत होत्या — संपवू नोका.

मी विचारले, आणि लिहिणारा? तो अर्ध्यात गेला तर? बयनाबाई म्हणाल्या, मंग तुमी सगळे तिथंच, मास्तर. लिवा. पटकन लिवा.

२२ ऑक्टोबर
श्वास पुरत नाही. वही खाली पडली आहे, उचलवत नाही. म्हणून येथेच, रोजनिशीत लिहितो, आणि मोठ्याने वाचतो.

तिघे आहेत. दमयंती अगदी जवळ. पांडुरंगराव दाराशी. जयवंताबाई कोठे बसल्या ते दिसत नाही — तिसरी सावली माझ्या मागे —

भोवरा सुटला. विमलने मोडके वल्हे टाकून दिले आणि हातांनी पाणी कापले. काठ दहा हात. काठ पाच हात. काठावर लव्हाळ्यात माणसे उभी होती, त्यांनी हात पुढे केले.

दमयंतीची बोटे सैल होत आहेत. दिसते आहे मला. पोरी, पोचते ती. एकच वाक्य —

डोंग्याचे टोक चिखलाला टेकले. विमल उभी राहिली. तिने उजवा पाय उचलला आणि

मनगट धरले आहे. मागून. गार नाही हात, तापाने भाजतो आहे. जयवंताबाई, सोडा — तिला जाऊ द्या, आई ना तुम्ही — एवढेच एक — तिने उजवा पाय उचलला आणि काठाव