समूची दुपार कुणाची

सोमवार, ६ जानेवारी

तर म्हणे पाच वाजेपर्यंत. सकाळी नऊला गेलेली चार वर्षांची पोर संध्याकाळी पाचला घरी. पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि हे मला सांगितलं कसं, तर वेणी घालता घालता, तोंडात चाप धरून, म्हणजे म्हातारीला अर्धं कळूच नये. "आई, बालवाडी आता पाचपर्यंत ठेवणारेत. समूला ठेवू. तुम्हालापण आराम."

मी कधी मागितला आराम? दीपाली सून माझी, अंबडला कंपनीत. पोरगा किरण टेम्पोवर. पोर दोन महिन्यांची होती तेव्हापासून माझ्या मांडीवर. तिच्यासाठी भाजीचा बाजार सोडला. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेवर, बुधवारच्या बाजारात माझी बसायची जागा होती, कुणाची टाप नव्हती तिथं गोणी टाकायची. सोडली. एका शब्दानं बोलले नाही. (बोलले असेल. पण भांडून नाही.)

साडेबाराला मी तिला आणते. वरणभात. मग गच्चीवर उन्हात. एवढंच आहे माझं दिवसाचं. तेवढं पण पाहिजे त्या बालवाडीच्या गौरीला.

गौरीताई म्हणायचं म्हणे. माझ्या किरणपेक्षा लहान आहे ती. मी नाही म्हणणार.


बुधवार, ८ जाने.

आणायला गेले. समू बाहेरच येईना. "आजी थांब ना, पाणी संपलं नाही अजून." आत बघते तर पाच-सहा पोरं टबाभोवती, बाह्या ओल्या, या डब्यातून त्या डब्यात ओततायत. एवढ्या थंडीत. गौरी खाली मांडी घालून, गालाला हात लावून बघतेय, जसं काय कीर्तन.

म्हटलं, आज काय शिकवलं?
म्हणे, "पाणी खेळलो."
काल?
"पण पाणी."

अगं, या डब्यातून त्या डब्यात पाणी मी रोज नळ आल्यावर ओतते. मला कुणी शाळा म्हटलं नाही.

गौरी म्हणाली, "आजी, त्यांना जे खेळावंसं वाटतं ते खेळू देतो आम्ही. आपण मागं राहायचं." गोड बोलते. आजी म्हणते मला. पन्नाशी पण गाठली नाही मी अजून. आणि मी मागं राहणारी असते तर चार पोटं भरली नसती.

जेवताना समू मला म्हणाली, "ताई, पाणी दे."
मग तिलाच कळलं. जीभ चावली.
मी पाणी दिलं. पण वरण गेलं नाही मला.


शुक्रवार, १०

जूनपासून जाते, अजून अ नाही. म्हणून मीच पाटी आणली. माझी चौथी झालीय, अ तर येतो ना मला. मोठा काढून दिला. म्हटलं गिरव.

तिनं पाटी जमिनीवर ठेवली. त्यावर खडूचे तुकडे मांडले. "घ्या मेथी, घ्या मेथी, दहाला जुडी."
म्हटलं, मेथी नाही. अ.
"मेथी नको तर पुढं व्हा बाई. गिऱ्हाईक थांबलंय."

हे लय हसले. (रात्रपाळीचे वॉचमन, दुपारी पडलेले असतात, पण असल्या वेळी बरोबर जागे.) म्हणे, "तुझाच आवाज काढला गं तिनं."

कसा काढेल? मी बाजार सोडला तेव्हा ही पाळण्यात. हिनं मला विकताना कधी पाहिलंच नाही. गच्चीवर सांगत असते मी काहीबाही, तेवढंच.

पाटी कपाटावर ठेवली. वर.


मंगळवार, १४. संक्रांत.

तिळगुळाचे लाडू मी वळले. हाताला चटके मला. पहिला लाडू समूला दिला, तर तिनं तो कागदात बांधला. "हा ताईला."

"आणि मला गं?"

"तू तर बनवलेस ना. तुझ्याकडं आहेतच."

खरंय. माझ्याकडं आहेतच. ताटभर.

दी. म्हणाली, "आई, लहान आहे ती, मनावर घेऊ नका." मनावर नाही घेतलं. वहीवर घेतलं.


शनिवार, १८

आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही. इथंच लिहिते.

बालवाडीत आजी-आजोबांना बोलावलं होतं. निळी साडी नेसले. हे आले नाहीत, झोप. आत गेल्या गेल्या गौरीनं सगळ्यांना सांगितलं, एकच नियम, जमिनीवर बसायचं आणि मुलांनी बोलावल्याशिवाय त्यांच्या खेळात हात घालायचा नाही. बाकीच्या आज्या बसल्या. एका आजोबांना तर एका पोरानं घोडा करून टाकलं, तेही खुशीत.

समू आणि तिघीजणी शाडूची माती घेऊन भाकरी करत होत्या. गणपतीची माती असते ना, तीच. आता भाकरी म्हणजे काय, नुसता लगदा. कड फाटलेली, मधे जाड. समू दोन्ही हातांनी चापट्या मारतेय. मी बघितलं. परत बघितलं. मग म्हटलं, अगं असं नाही, पाणी लाव. पाणी लावलं तर अजून बिघडवलं. मग नाहीच राहवलं. घेतला गोळा. थापली. ही बघ अशी. फिरव. अशी. दुसरी घेतली. म्हटलं तू नको, तुझ्या हाताला चिकटते, दे इकडं.

माझ्या भाकरी अशा गोल, की खऱ्या वाटाव्यात. ओळीनं मांडल्या. मान वर केली तर एक पोर नाही. एक गेली झोक्यावर, दोघी पाण्याकडं. समू तेवढी उभी. हात मागं.

"आजी, तू नको खेळू. तुला येत नाही."

भाकरी. मला. येत नाही.

मग गौरी आली, शेजारी बसली, आणि मला नाही, समूला म्हणाली, "खूप भूक लागलीय हो. आहे का काही गरम?" झालं. समू पळत आली. त्या तिघी पळत आल्या. माझ्या भाकरी मोडल्या, परत लगदा केला, परत फाटक्या कडांच्या थापल्या, आणि गौरी ते खोटं खोटं खात होती, "अहाहा, लय भारी."

भाकरी माझ्या. गिऱ्हाईक तिचं.

येताना चप्पल उलटसुलट घातली मी. तशीच आले चौकापर्यंत.


रविवार, १९

भांडण. मीच काढलं.

म्हटलं, काढा तिला तिथून. त्या टाय-बूटवाल्या शाळेत घाला, निदान बसायला तरी शिकवतात. दी. म्हणाली, "मागल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, एवढ्याशा पोरीला टाय म्हणजे गळ्यात फास."

म्हणाले असेन. तेव्हा गौरी नव्हती.

किरण मधे पडला, "आई, तुला प्रॉब्लेम काय आहे नेमका?" त्याला काय सांगायचं. पोरगी मला ताई म्हणाली आणि ताईला कधी चुकून आजी म्हणत नाही, हा प्रॉब्लेम. हे सांगता येतं का कुणाला.

मग दी. जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. भांडी विसळत होती, पाठ माझ्याकडं. "आई, पाचपर्यंत समू तिकडं असली तर तुम्ही परत बाजाराला बसू शकाल. तुम्ही झोपेत पण भाव सांगता."

नळ जोरात सोडलाय म्हणून ओरडले तिच्यावर.

जागा कुणी धरून ठेवलीय का माझी? आणि ठेवली असली तरी. चांगलं बोलून दुपार काढून घेतात ही पोरं. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं.


बुधवार, २२

गच्चीवर. ऊन चांगलं होतं. समूला सरळच विचारलं, तुला तिकडं राहायचं का पाचपर्यंत?

ती चिमट्यांनी कपडे लावत होती, तिचे तिचे, बाहुलीचे. म्हणाली, "तू येशील?"

म्हटलं, मला कुठं खेळायला येतं.

"मी शिकवीन. तू बाळ हो."

म्हटलं वेडी का काय. धुणं पडलंय. पण तिनं चटई ओढली. "झोप. डोळे मीट. बडबड नको." झोपले. तिनं माझाच पदर माझ्या तोंडावर घेतला आणि थोपटायला लागली. थोपटायला म्हणजे काय, धपाटेच. मला कळलं, मी असंच थोपटते. तरी पडून राहिले. मला आठवत नाही मला कधी कुणी थोपटलंय. दिंडोरीकडं माझं माहेर, माझ्या मागं पाच भावंडं. मीच थोपटायचे.

खरीच झोपले. उठले तर ऊन पार कठड्याच्या पलीकडं गेलेलं. अंगावर गोधडी. खाली उतरले तर घरातले सगळे कांदे-बटाटे ओट्याखालून काढून दारात मांडलेले, आणि हे गिऱ्हाईक. घरचेच बटाटे विकत घेत होते.

"मला उठवलं का नाही?"

दोघं एकदम, "शू. बाळ झोपलं होतं."

हे म्हणाले, "मला पण हळू बोलायला लावलं तिनं. सगळा बाजार कुजबुजत चालला होता."

मग डोक्यात आलंच. हे हळू बोलणं कुठून शिकली? माझ्याकडून तर नाही. माझ्याकडून हळू काय शिकणार कुणी. ते तिकडचंच. चांगलं काही दिसलं की ते गौरीचं, धपाटे तेवढे माझे.


शुक्रवार, २४

साडेबाराच्या आधीच गेले मुद्दाम. म्हटलं खिडकीतून बघावं पोर काय करते.

पाट्या नाहीत, तक्ते नाहीत. मधोमध समू मांडी घालून. समोर पानं, खडे, झाकणं, चिंचोके. बाजूला एका दोरीला दोन झाकणं बांधलेली, तो तराजू. आणि तोंड चालूच. "पुढं व्हा बाई. हात नका लावू, निवडून देते मी. सकाळी दिंडोरीहून आलाय माल." पोरं रांगेत. एक पोरगा रडकुंडीला, त्याला काही मिळेना, तर त्याला म्हणाली, "तू ये रे, तू आपल्या घरचा." आणि मूठभर चिंचोके फुकट.

हे सगळं माझं आहे. शब्द न् शब्द. ते शेवटचं पण. तराजूचं मी तिला गच्चीवर सांगितलं, दोरीला पीळ पडला की गिऱ्हाईक कसं भांडतं ते. घरच्या पोराला मूठभर जास्त कशी टाकायची ते.

गौरीला कळलं मी उभी आहे. बाहेर आली. "आजी, रोज हेच मांडते. बुधवारी तर फारच मोठा बाजार. आता सगळीच मुलं पुढं व्हा बाई म्हणतात. तुमच्याकडूनच ना हे?"

तिला वाटलं मी खूश होईन. मला इतका राग आला. मी जे देते ते घेऊन ही पोर इकडं येते आणि इथं उधळते. मला घरी एक चिंचोका नाही.

म्हणून बोलले. म्हटलं, "हे बघ, ती सकाळी इथं जे खेळते ते आदल्या दुपारी माझ्याकडून घेऊन आलेली असते. दुपार पण तूच घेतलीस तर सकाळी खेळणार काय ही? तुझं डोकं?"

वाईट बोलले. शेवटचं नको होतं.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "मग तुम्हीच या ना दुपारी इथं."

"मागं बसायला?"

मुलांनी हाक मारली, आत गेली.

समू रस्ताभर मला सांगत होती, चिंचोके कुणाकुणाला दिले. मी नुसतं हं हं.


सोमवार, २७

तीन दिवस धुसफुसत काढले. आज सकाळी समूला सोडायला गेले तेव्हा उंबऱ्यातच सांगून टाकलं. जसं सांगितलं तसं लिहिते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको आजी असं बोललीच नव्हती.

"गौरी, ऐक. समू पाचपर्यंत राहील. पण बुधवारची दुपार माझी. मी येणार. माझा खरा तराजू आणणार, माळ्यावर पडलाय, गंज पुसते. मी पुढं बसणार आणि तू मागं. पोरांनी मला बाळ केलं तर बाळ होईन, घोडा केलं तर गुडघे दुखतात, पण होईन. भाकरीला हात लावणार नाही. लावलाच, तर समूनं मला बोलायचं. तू नाही. तू त्या दिवशी भूक लागली म्हणून यायचं नाही."

ती हसायला लागली होती, मग माझ्याकडं बघून थांबली. म्हणाली, "संस्थेच्या बाईंना विचारावं लागेल."

म्हटलं, कुणाला विचारायचं ते विचार. नाहीतर समू साडेबाराला घरी, आत्ता येते तशी, आणि दीपालीला काय सांगायचं ते मी बघते.

दी.ला संध्याकाळी सांगितलं. ती फक्त म्हणाली तराजूला चिंच लावा, गंज लवकर जातो. चिंच लावून ठेवलाय. एक पारडं निघालं, दुसरं अजून काळंच आहे.

एक तारीख शनिवारी. मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे, गौरी. हो नाहीतर नाही. विचार करते, असं नको. शुक्रवार.